जुन्या टाटा मोबाईलची अर्थिंग: माझा अनुभव

देवगडच्या आमच्या बागेतले आंबे वर्षानुवर्षे वाहणारी टाटा मोबाईल २०७ ही पिकअप गाडी अजून दारात उभी आहे. भंगाराचा भाव वडील ऐकूनही घेत नाहीत आणि त्यांचा तो हट्ट आता माझ्यातही उतरला आहे. पावसाळा सरताच चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज येऊन स्टार्टर गप्प बसू लागला. मेकॅनिकने नवी बॅटरी घ्यायला सांगितले. परंतु जुनी बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज दाखवत होती. म्हणून मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून मी मुलाला स्टार्टर मारायला लावले. तेथे अर्ध्या व्होल्टहून कमी फरक दिसायला हवा होता, तो जवळपास दोन व्होल्ट दिसला, म्हणजे दोष बॅटरीत नसून अर्थिंगच्या, अर्थात बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनपर्यंतच्या जोडणीत होता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने चेसिसकडून (गाडीच्या सांगाड्याकडून) येणारा प्रवाह तांब्याच्या विणलेल्या पट्टीतूनच जातो, आणि ही पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडून बोटांत चुरत होती. (आमचे मीठ या गाडीने अक्षरशः खाल्ले आहे.) बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून, पट्टी बसते त्या दोन्ही जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या होईपर्यंत घासून मी नवी पट्टी घट्ट आवळली आणि मगच वरून ग्रीस लावले. अशी पट्टी तशीच ठेवल्यास प्रवाह क्लचच्या केबलमधून वाट काढतो व केबल जळू शकते, म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वी हे तपासावे.