रिक्रूटिंग व्हिडिओ आणि न दिसलेला चेंडू

माझी लेक न्यू जर्सीत शाळेकडून आणि ट्रॅव्हल टीमकडून, म्हणजे गावोगावी स्पर्धांना जाणाऱ्या शाळेबाहेरच्या संघाकडून, सॉफ्टबॉल खेळत असे. तिची जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाची. ती दहावीत असताना, कॉलेजच्या संघात तिची निवड व्हावी म्हणून, आम्ही तिच्या खेळाचा पहिला व्हिडिओ चाळीस कॉलेजांच्या सॉफ्टबॉल प्रशिक्षकांना पाठवला आणि पुढचे जवळपास तीन महिने एकही उत्तर आले नाही. शाळेतून आली की ती आधी मेल पाहायची आणि काही न बोलता आपल्या खोलीत निघून जायची. ते दिवस आठवले की आजही पोटात कालवते, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

अखेर डिव्हिजन तीनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या, एका प्रशिक्षिकेचे दोन ओळींचे उत्तर आले. थ्रो पहिल्या बेसवर पोहोचताना दिसत नाही, न कापलेले चित्रीकरण असेल तर पाठवावे, एवढेच त्यात होते. आम्ही व्हिडिओ पुन्हा लावला आणि प्रथमच तो प्रशिक्षकाच्या नजरेने पाहिला. पैसे देऊन ज्यांच्याकडून तो करून घेतला होता, त्यांनी प्रत्येक तुकडा चेंडू हातातून सुटताक्षणी कापला होता, मधूनमधून स्लो मोशन घातले होते आणि सगळ्यावर संगीत चढवले होते. मी आणि तिचे वडील दोघेही क्रिकेटच्या हायलाइट्स पाहत वाढलेलो, त्यामुळे आम्हाला तो फार देखणा वाटला होता. मात्र चार मिनिटांच्या त्या व्हिडिओत एकही चेंडू पहिल्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये विसावत नव्हता.

नेमकी हीच चूक जाणती माणसेही करतात, म्हणून ती नीट समजून घ्या. सॉफ्टबॉलमध्ये होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभी असते तिथून, पहिला बेस अवघ्या 60 फुटांवर असतो आणि चपळ फलंदाज ते अंतर तीन सेकंदांच्या आसपास कापते. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने चेंडूपर्यंत पोहोचायचे, तो उचलायचा आणि पहिल्या बेसवर फेकायचा असतो. प्रशिक्षक व्हिडिओ पाहताना स्टॉपवॉच वापरतात. बॅटला चेंडू लागल्यापासून तो पहिल्या बेसवर पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, हे त्यांना मोजायचे असते. तुकडा मध्येच कापला किंवा गती बदलली की ते मोजताच येत नाही आणि कापलेल्या जागी काहीतरी लपवले आहे, अशी शंका येते. कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारीच्या, बाबतीतही तेच आहे. चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंतची जेमतेम दोन सेकंदे हीच तिची परीक्षा असते, आणि ती सलग दिसायला हवीत. मुलगी पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी, असेल तर कॅमेरा कॅचरच्या मागे ठेवा, म्हणजे 43 फुटांच्या प्रवासात चेंडू कुठे वळतो, कुठे खाली बसतो, ते कळते.

दुसरा व्हिडिओ आम्ही एका रविवारी सकाळी स्वतःच काढला. फोन आडवा करून ट्रायपॉडवर लावला आणि पहिल्या बेसच्या मागे, जाळीच्या भोकाला भिंग भिडवून ठेवला, त्यामुळे लेक, चेंडू आणि पहिला बेस हे तिन्ही एकाच चौकटीत आले. झूम अजिबात केला नाही. तिच्या वडिलांनी तिच्या समोर, डावीकडे, उजवीकडे बॅकहँडला आणि पुढे धावत येऊन घ्यावे लागतील असे संथ, मिळून बारा चेंडू सलग मारले. त्यातला एक तिच्या ग्लोव्हमधून निसटला, तिने तो उघड्या हाताने उचलून फेकला आणि थ्रो अचूक गेला. तिला तो काढून टाकायचा होता, मी ठेवायला लावला आणि त्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. मला आजही वाटते की तो ठेवला हेच योग्य झाले.

फलंदाजीसाठी फार खटाटोप लागत नाही. उजव्या हाताच्या फलंदाजाची छाती दिसेल असा, म्हणजे पहिल्या बेसच्या बाजूने एक कोन आणि मागून एक कोन पुरेसा असतो. सुरुवातीला नाव, शाळा संपण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, शाळेतले गुण आणि संपर्क पाच सेकंद दाखवा. यूट्यूबवर व्हिडिओ प्रायव्हेट नव्हे, अनलिस्टेड ठेवा, नाहीतर प्रशिक्षकांना तो उघडणारच नाही.

आता थोडे धीराचे. डिव्हिजन एकचे, म्हणजे सर्वांत वरच्या गटाचे, प्रशिक्षक अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी मुलीशी भरतीबाबत बोलूच शकत नाहीत, हा नियम 2018 पासून आहे. म्हणजे आमच्या त्या तीन महिन्यांतले कित्येकांचे मौन हा नकार नव्हताच. हे आम्हाला कोणी सांगितले असते तर लेकीचे निम्मे रडणे वाचले असते. आणि स्पष्टच सांगते, हजारो डॉलर घेऊन कॉलेज मिळवून देण्याची हमी देणाऱ्यांच्या नादी लागू नका. तुमच्या मुलीला दर आठवड्याला खेळताना पाहणाऱ्या ट्रॅव्हल कोचला, ती कोणत्या पातळीवर टिकेल, हे सरळ विचारा. उत्तर झोंबेल, पण त्यावरून यादी करता येईल. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, तिथे गुणांवर आणि कौटुंबिक गरजेवर मदत मिळते, म्हणून तिथल्या प्रशिक्षकांना लिहिताना गुणपत्रिका सोबत जोडा.

नवा व्हिडिओ त्याच चाळीस जणांना पुन्हा पाठवायला आम्ही कचरत होतो. तसे कचरू नका. विषयाच्या ओळीत शाळा संपण्याचे वर्ष, खेळण्याची जागा आणि नाव घाला, मजकुरात नवे चित्रीकरण न कापलेले आहे एवढे एक वाक्य लिहा आणि पत्र मुलीच्या स्वतःच्या मेलवरून जाऊ द्या. या वेळी आम्हाला सात उत्तरे आली आणि त्यातले पहिले त्याच प्रशिक्षिकेचे होते.