ग्रीक देवाची गोष्ट मूळची कुठली, कसं शोधायचं

आधी नाव धरा. झ्यूस घ्या, त्याला 'झ्यूस पातेर' म्हणायचे, शेजारी ऋग्वेदातला 'द्यौष्पितर' ठेवला की लगेच ट्यूब पेटते, शब्द एकाच घरातला. पण नाव जुळलं म्हणजे गोष्टही तीच असं धरू नका हां, इथेच बरेच जण घसरतात.

गोष्ट वेगळी तपासायची. ग्रीक कथेत झ्यूसचा बाप क्रोनोस विळ्याने स्वतःच्या बापाचं, आकाशदेव युरेनसचं, लिंग कापतो, आणि पुढे झ्यूस क्रोनोसचं राज्य घेतो. आता तुर्कस्तानात हत्तुशाला सापडलेल्या हित्ती (तिथले प्राचीन लोक) मातीच्या पाट्या बघा, तिथे कुमार्बी नावाचा देव आकाशदेव अनूचं तेच चक्क दातांनी तोडतो, आणि पुढे वादळाचा देव राज्य घेतो, झ्यूससारखाच!

मग तारखा लावा. पाट्या हेसिअडच्या, म्हणजे क्रोनोसची गोष्ट लिहिणाऱ्या ग्रीक कवीच्या, निदान 400 वर्षं आधीच्या, म्हणजे गोष्ट पूर्वेकडून आली असणार असं मला तरी वाटतं.