वृद्धाश्रम बघायला जाताय? संध्याकाळी सातला जा, न सांगता

आमच्या आत्याला मूलबाळ नाही, मिस्टर गेल्यापासून एकटीच, त्यामुळं सांगलीत वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं तेव्हा आम्ही चार ठिकाणं बघितली आणि चारही ठिकाणी एकच गाढवपणा केला. रविवारी सकाळी अकराला, आधी फोन करून गेलो. मग काय, फरशी लख्ख, तुळशीला पाणी घातलेलं, आजीआजोबा अंघोळी उरकून खुर्च्यांवर ओळीनं बसलेले, आम्हाला चहा. त्यातलं एक आवडलं, डिपॉझिट भरलं आणि सहा आठवड्यांत आत्याच्या टाचेला रुपयाएवढा काळा डाग. विचारलं तर म्हणे मोजा घट्ट झाला असेल. मोजा कसला, बाई दिवसभर उताणी पडून होती आणि टाच गादीवर दाबून दाबून आतून मेली होती.

म्हणून सांगतो, बघायला जायचं तर जेवणाच्या वेळी जा, संध्याकाळी सात-साडेसातला, आणि न कळवता. गेटवरच अडवलं तर तेही उत्तरच आहे. आत गेल्यावर बाग बघू नका, जे अंथरुणाला खिळलेत त्यांना कसं भरवतायत ते बघा. पाठ टेकवून बसवलंय का, घास छोटा आहे का, पहिला गिळल्यावर दुसरा देतायत का? आडवं ठेवून आमटी-भात चमच्यानं ढकलत असतील तर ते अन्न श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो, आणि मग सगळे म्हणतात वय झालं होतं. जेवण झाल्यावरही अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, पण मावशींना पुढच्या खोलीत जायची घाई असते. मावशींची चूक नाही हो त्यात, माणसंच कमी असतात.

तर माणसं किती हे विचारायचं, आणि दिवसाची नाही, रात्रीची. रात्री दोनला कुणाला बाथरूमला जायचं झालं तर कोण उठतं? एक मावशी आणि तीस म्हातारी माणसं, आणि ती मावशी पण दिवसाची ड्यूटी करून थांबलेली, असं असेल तर बाकी काही बघायची गरजच नाही. पलंगाजवळची बेल स्वतः दाबून बघा, किती वेळात कोण येतं ते मोबाईलवर मोजा. बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा, बाहेरून उघडता येईल अशी कडी, एवढं तरी पाहिजेच. आणि पडल्याची नोंद असलेलं रजिस्टर मागा. "आमच्याकडं कुणी पडतच नाही" म्हणाले तर समजून जा की लिहीत नाहीत, म्हातारी माणसं पडतातच, प्रश्न एवढाच असतो की पडल्यावर डॉक्टरला कधी दाखवलं आणि घरी कधी कळवलं.

आता टाचेचं, कारण याच्यावर माझं रक्त आटलंय. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, टाच, माकडहाड, खुबे, कोपर इथं आधी होतो. लाल झालेली जागा बोटानं दाबा, पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर सुरुवात झालीय. सावळ्या अंगाला लाली नीट दिसत नाही, तिथं हात लावून बघा, जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक नाहीतर पिचपिचीत लागते का. पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हवेची गादी असली तरी बदलायचीच. आणि "आम्ही स्पिरिट लावून चोळतो" असं कौतुकानं सांगितलं तर सावध व्हा, लाल जागा चोळायची नसते, आतली कातडी अजून फाटते.

शुगरवाल्यांसाठी वेगळं विचारा. काही ठिकाणी रात्रीचं जेवण सहा-साडेसहालाच उरकतात (तिथं बघायला पण त्याच वेळी जा) आणि नाश्ता साडेआठला, म्हणजे चौदा तास पोट रिकामं, त्यात संध्याकाळी इन्सुलिन दिलेलं, मग पहाटे साखर उतरून घाम फुटतो, शुद्ध जाते. झोपताना काय देतात? इन्सुलिन फ्रीजमध्ये कुठं ठेवतात (दारात दुधाच्या पिशव्यांबरोबर की आत, फ्रीझरमध्ये तर नाही ना)? काही ठिकाणी थंडीत गरम पाण्याच्या पिशव्या देतात, शुगरनं बधिर झालेल्या पायांना त्यानं फोड येतात आणि माणसाला कळतही नाही.

औषधांचा कागद बघा, प्रत्येक डोसापुढं सही आहे का, की महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनानं एका दमात मारल्यात. झोपेची गोळी नव्यानं चालू झाली असेल तर कुठल्या डॉक्टरनं आणि कशासाठी ते चिठ्ठीसकट मागा, कारण रात्री आरडाओरडा करणारं माणूस गप्प राहावं म्हणून गोळी देणं सोपं पडतं. ओढणीनं हात पलंगाला बांधलेला दिसला तर "त्यांच्याच भल्यासाठी" ऐकत बसू नका. वजन दर महिन्याला लिहायला लावा, पन्नास किलोचं माणूस महिन्यात साडेसत्तेचाळीसवर आलं तर ते डॉक्टरला दाखवायचंच.

सांगलीत असाल तर पुराचं विचारल्याशिवाय पैसे भरू नका. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा आपण बघितलंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फूट धोक्याची पातळी, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. सरळ विचारा, तेव्हा इथं पाणी कुठवर आलं होतं, आणि न चालणारी माणसं कशी नि कुठं हलवली? "बघू तेव्हा" हे उत्तर 40 फुटाला, म्हणजे इशारा पातळीला पण चालत नाही.

करारात लिहून घ्या की रात्री 108 ची अँब्युलन्स बोलावली तर मिरजेला की सांगलीला न्यायचं, सोबत कोण जाणार, मधेच काढून नेलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत. तक्रार असेल तर आधी मॅनेजरला लेखी द्या, पोच घ्या, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसला. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. मारहाण, उपाशी ठेवणं, पेन्शन काढून घेणं असलं काही असेल तर थेट पोलिसात. आईवडील आणि ज्येष्ठांसाठीचा 2007 चा जो कायदा लोक सांगतात त्यात प्रांतांकडं अर्ज होतो तो मुलांकडून नाहीतर वारस नातेवाइकांकडून पोटगी मागायला, आश्रमाविरुद्ध नाही, त्यात वेळ घालवू नका.

आत्याला आम्ही दुसरीकडं हलवलं. टाच भरायला चार महिने लागले. आता मी कुठल्याही वारी, सातच्या सुमाराला जातो आणि आत गेल्या गेल्या चादर वर करून पाय बघतो, तर ती ओरडते, "मेल्या, आधी माझ्या तोंडाकडं तरी बघ."