स्फटिकाची भट्टी गुंडाळताना या चुका टाळा

स्फटिक वाढवायच्या भट्टीत सिरॅमिकच्या नळीवर तापणारी वायर गुंडाळलेली असते. दर वर्षी विद्यार्थ्यांची नवी बॅच आली की कुणीतरी तोच प्रश्न घेऊन येतं: "सर, कंट्रोलर 645.0 अंश दाखवतोय, हलत नाही, तरी क्रिस्टल नीट येत नाही." मी एकच विचारतो, प्रोफाइल, म्हणजे नळीच्या लांबीभर जागोजागी तापमानाची मोजणी, घेतलीत का? बहुतेकांनी घेतलेली नसते. तापमान राखणाऱ्या कंट्रोलरला भट्टीतला फक्त एक बिंदू दिसतो, जिथे त्याचं थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) टेकलेलं आहे तो. बाकीच्या नळीत काय चाललंय हे तुम्ही वायर कशी गुंडाळली त्यावर ठरतं. दशांशापर्यंत स्थिर आकडा दिसला म्हणून नळीभर सारखं तापमान आहे, असं समजू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सारख्या अंतराने वेढे घालणं. दिसायला ते सुबक दिसतं, म्हणूनच सगळे तसंच करतात. पण नळीच्या मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी गरम शेजार असतो आणि टोकांना एकाच बाजूने. टोकांतून उष्णता निसटत राहते, त्यामुळे सारख्या वेढ्यांच्या भट्टीचं तापमान मध्ये फुगलेलं आणि दोन्हीकडे उतरतं असतं.

हे मी स्वतः भोगलंय. सीझियम आयोडाइड या क्षाराचा स्फटिक वाढवायचा होता, त्याचा वितळबिंदू 621 अंश सेल्सियस. 60 सेंटीमीटरची उभी ऍल्युमिना (सिरॅमिक) नळी, बाहेरचा व्यास 60 मिलिमीटर. 1.2 मिलिमीटर जाडीची कॅन्थल ए-1 ही तापणारी वायर, मीटरला साधारण 1.28 ओहम. 230 व्होल्टला 20 ओहम हवे होते, म्हणजे साडेपंधरा मीटरच्या वर वायर, 82 वेढे. मी ते 7.3 मिलिमीटर अंतराने एकसारखे घातले आणि खूश झालो. वीतभर लांबीची क्वार्ट्झची अँप्यूल (माल भरून बंद केलेली नळी) मधोमध उभी केली. बेत असा की अँप्यूल हलवायची नाही, भट्टीच तासाला दीड अंशाने उतरवायची. टोकदार तळ आधी गोठेल आणि स्फटिक खालून वर चढत जाईल.

अँप्यूल फोडली तेव्हा आत पांढुरका, गढूळ गोळा निघाला. करवतीने उभा कापला. खालून एक थर वर आलेला, वरून एक थर खाली आलेला, आणि दोघे भेटतात तिथे सुपारीएवढी पोकळी. मी दोष मालाला दिला, पाण्याच्या अंशाला दिला, क्वार्ट्झ नीट धुतलं नसेल म्हणून त्यालाही दिला. सीझियम आयोडाइड पुन्हा व्हॅक्यूममध्ये सुकवून दुसरी अँप्यूल भरली. तीच पोकळी, त्याच जागी.

तेव्हा कुठे थर्मोकपल दोन-दोन सेंटीमीटरने सरकवत प्रोफाइल घेतली. मध्ये 645, अँप्यूलच्या तळाशी 623, आणि डोक्याशी 626. म्हणजे भट्टी पाच अंश उतरेपर्यंत तळ आणि डोकं दोन्ही गोठत होतं. मधला वितळलेला रस त्यानंतर बारा-तेरा तासांनी गोठत होता, चारही बाजूंनी कोंडलेला. गोठताना तो आकसतो आणि वरून भर घालायला रस उरलेला नसतो, मग पोकळी पडणारच. दोन महिने गेले आणि दोन अँप्यूल भरून माल वाया गेला. ती प्रोफाइल घ्यायला एक दिवस लागला होता.

सगळी वायर उतरवली. नवी वायर घेऊन वरच्या 15 सेंटीमीटरमध्ये 30 वेढे आणि उरलेल्या 45 मध्ये 52 वेढे घातले. वायर तेवढीच, ओहम तेवढेच, फक्त वाटणी बदलली. मग वरचा भाग सपाट झाला आणि तळाकडे तापमान उतरत गेलं. तुम्हाला पूर्ण सपाट पट्टा हवा असेल तर दोन्ही टोकं अशीच दाट करा. तीन झोनची, म्हणजे तीन भागांना वेगळे कंट्रोलर असलेली, भट्टी घेतली की हे करावं लागत नाही, असं मुलं म्हणतात. मला ते पटत नाही. चुकीच्या गुंडाळणीवर तीन कंट्रोलर लावले की ते एकमेकांशी भांडत बसतात. आधी गुंडाळणी नीट करा, मग झोन वाढवा.

माझी सवय सांगतो. वायरबरोबर सुती दोरा गुंडाळायचा, हव्या त्या जाडीचा. दोऱ्याने अंतर आपोआप राखलं जातं, वायर जागेवर धरणारं भट्टीचं सिमेंट लावायच्या आधी तो काढून घ्यायचा. टोकाच्या भागाला बारीक दोरा, मधल्याला जाड. आधी नळीवर पेन्सिलने खुणा करायच्या. यंत्राने स्प्रिंग करून मग ती ताणून बसवणारे खूप आहेत, पण ताण कुठेच सारखा बसत नाही. खात्री करायची असेल तर सिमेंट लावण्यापूर्वी खोलीत अंधार करून कमी व्होल्टवर वायर जेमतेम लाल होऊ द्या. जो वेढा आधी पेटतो तो शेजाऱ्याला खेटलेला असतो. वायर उघडी असते, हात लांब ठेवा, आणि काही सरकवायचं असेल तर आधी प्लग काढा. सरकवायचंही थोडंच. कॅन्थल एकदा तापली की ठिसूळ होते, सरळ करायला गेलात की तुटते.

दुसरी चूक प्रोफाइल घेण्याच्या पद्धतीत असते. रिकामी, दोन्ही तोंडं उघडी असलेली उभी नळी म्हणजे धुराडं. खालून गार हवा शिरते, वरून गरम निघून जाते. त्या अवस्थेत घेतलेले आकडे वाढवतानाच्या भट्टीचे नसतात. दोन्ही तोंडांना सिरॅमिक वूलची बुचं हवीत आणि आत तशीच अँप्यूल. प्रत्येक ठिकाणी निदान वीस मिनिटं थांबा. पाच मिनिटांत पुढे सरकणाऱ्याची वही मी परत करतो.

थर्मोकपलची जोडणी तपासा. युरोपियन पद्धतीत के टाइप थर्मोकपलच्या तारांत हिरवी धन आणि पांढरी ऋण. अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण. इलेक्ट्रिशियन लाल म्हणजे धन धरून चालतो. कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपल आणि कंट्रोलर जोडणारी खास केबल) दोन्ही टोकांना उलटी लागली तरी भट्टीबरोबर आकडा वाढतो आणि कमी होतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण थर्मोकपलचं डोकं, म्हणजे केबल जोडायची जागा, 60 अंशांवर आणि कंट्रोलर 30 वर असेल तर वाचन सुमारे 60 अंशांनी कमी येतं. मी दर सहा महिन्यांनी ग्रॅफाइटच्या वाटीत शुद्ध जस्त वितळवून गोठवतो. आकडा 419.5 जवळ थबकला पाहिजे.

वायरची टोकं दुहेरी पिळून बाहेर काढा, नाहीतर टर्मिनल जळतं. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या वापरत असाल तर जुन्यांत एक नवी मिसळू नका. वापराने त्यांचा रोध वाढत जातो आणि भार असमान वाटला जातो. कंट्रोलर भट्टीला लांब अंतराने पूर्ण चालू आणि पूर्ण बंद करत असेल तर तो हेलकावा स्फटिकात पट्ट्यांच्या रूपाने दिसू शकतो. चालू-बंदचं चक्र एखाद्या सेकंदावर आणा किंवा थायरिस्टर (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा.

आणि सिमेंट ओलं असताना भट्टी चढवू नका. "आज संध्याकाळी 600 ला नेऊ का?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर नाही असतं. पहिली रात्र 110 अंशांवर, बुचं काढून. सकाळी आरसा तोंडाशी धरायचा. त्यावर वाफ धरली तर आणखी एक रात्र.