परतीचा वेळ धरून आठवडा आखा

माझी लेक नऊ वर्षांची आहे आणि पहिल्यापासून घरीच शिकते. नव्याने होमस्कूलिंग सुरू करणारे आईबाबा भेटले की हमखास विचारतात, "दिवस रिकामा गेला तर?" दीड-दोन वर्षांनी तेच पुन्हा भेटतात तेव्हा प्रश्न बदललेला असतो. आता त्यांना विचारायचं असतं की हे सगळं आठवड्यात बसवायचं कसं. मूल घरी आहे म्हणजे वेळ हाताशी आहे असं वाटतं, आणि मग पोहणं, व्हायोलिन, बुद्धिबळ, चित्रकला, सहली असं एकेक त्यात शिरत जातं. प्रत्येक गोष्ट चांगलीच असते, म्हणून कशालाच नाही म्हणवत नाही.

आमच्याकडे मागच्या वर्षी हे फार वाढलं. आठवड्यात सहा ठिकाणी जाणं होतं. एका गुरुवारी मी पोहण्याची बॅग खांद्याला लावून दारात उभी होते. लेक बूट घालायला बसली आणि तशीच बसून राहिली, एक बूट पायात, दुसरा हातात. पोहणं तिला सगळ्यांत प्रिय. "आई, आज कुठेच नको ना जाऊया," एवढंच म्हणाली. रडली नाही, हट्ट केला नाही. त्या दिवशी आम्ही गेलो नाही. संध्याकाळी कागद घेऊन मी पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. वेळापत्रकात सहा क्लास, साधारण एकेक तासाचे, म्हणजे सहा तास. प्रत्यक्षात त्या सहा क्लासांनी आमचे साडेचौदा तास घेतले होते.

आधी मोजायला शिका

म्हणून पहिलं काम: एक आठवडा काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. प्रत्येक बाहेरच्या गोष्टीसमोर तीन वेळा लिहायच्या. तयारीला कधी लागलो, क्लास किती वेळ चालला, आणि घरी आल्यावर मूल पुन्हा कशात तरी मनापासून रमलं ते किती वाजता. ही तिसरी वेळ कोणी धरत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते. आमच्या पोहण्याचं उदाहरण सांगते. क्लास ४५ मिनिटांचा. आवराआवरीला २०, जाऊन-येऊन ५०, अंघोळ आणि केस वाळवायला १५, आणि त्यानंतर साधारण ४० मिनिटं ती गालिच्यावर नुसती लोळते. पाऊण तासाच्या पोहण्याचे झाले जवळजवळ तीन तास. ते लोळणं मी आधी वाया गेलेला वेळ समजत होते आणि "चल, आता गणिताचं पान राहिलंय" म्हणून तिला उठवत होते. आता ती ४० मिनिटंही पोहण्याच्याच खात्यात टाकते. आठवडा आखताना प्रत्येक गोष्टीचा हा पुरा आकडा वापरा, क्लासचा आकडा नको.

मग भरायला घ्या, पण या क्रमाने

बहुतेक जण आधी क्लासच्या वेळा लिहितात आणि उरलेल्या फटीत अभ्यास कोंबतात. मीही तेच करत होते. आता सगळ्यांत आधी झोप लिहिते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये शिफारस केली आहे. माझ्या लेकीला साडेदहा तास लागतात. नऊ वाजता अंथरुणावर जायचं असेल तर सात वाजता संपणारा आणि पाऊण तास लांब असलेला क्लास तिच्यासाठी नाही, शिक्षक कितीही चांगले असोत. असा एक क्लास आम्ही नाकारला. वाईट वाटलं, पण नाकारला.

त्यानंतर एक अख्खा मोकळा दिवस. आमचा बुधवार. त्या दिवशी कुठेही जायचं नाही, कोणाला वेळ द्यायची नाही. मोकळा दिवस आठवड्याच्या मध्यावर ठेवावा असं माझं ठाम मत आहे, कारण सोमवार-मंगळवारी जे सुरू झालं ते पुरं करायला तेव्हाच हात मोकळे असतात.

मग रोजची सकाळ, अभ्यासासाठी. आणि या सगळ्यानंतर जी जागा उरेल तिथे बाहेरच्या गोष्टी. आम्ही तीनवर थांबलो: पोहणं, व्हायोलिन आणि एक बदलता खण, म्हणजे ठरावीक आठवड्यांनी बदलता येईल असा एखादा छंद. मुलांना मुलं हवीत, म्हणून बागेत भेटून नुसतं खेळण्याची एक दुपार या तिन्हींच्या आधी लिहायची. ती मी क्लासमध्ये मोजतच नाही. तिथे कोणी शिकवणारं नसावं. झाडाखाली बसलेल्या आपण मोठ्यांनीही मध्ये पडू नये.

सकाळचा अभ्यास

शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लहान मुलांचे धडे सहसा वीस मिनिटांच्या वर जाऊ नयेत असं सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला मी २५ मिनिटं धरते. गणित आणि भाषा रोज, बाकीचे विषय आलटून पालटून. दोन धड्यांच्या मध्ये हातापायांचं काहीतरी: झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या, दोरीवरच्या उड्या. अशा चार बैठकांत आमची सकाळ होते. शाळेत एवढे तास आणि घरी एवढेच, अशी तुलना करू नका. तिथे वर्गभर मुलांत वाटला जाणारा वेळ इथे एकाच मुलाला मिळतो.

दुसरी गोष्ट उजळणीची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती आणि कधी विसरतो ते मोजलं, आणि १८८५ मध्ये ते निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. घरातल्या आठवड्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: शिकवलेलं दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा काढायचं. आम्ही बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याने तीन कप्पे केलेत. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यातून एकदा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. आठ सत्ते छप्पन्न हे कार्ड आमच्याकडे महिनाभर मागेपुढे फिरत होतं. शेवटी तिसऱ्या कप्प्यात टिकलं तेव्हा तिने त्यावर तारा काढला.

व्हायोलिनलाही हेच लागू. क्लासच्या आदल्या दिवशी तासभर वाजवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं कितीतरी बरी. त्यासाठी वाद्य हाताशी असू द्या आणि वाजवण्याची वेळ एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधून टाका. आमच्याकडे सकाळची अंथरुणं आवरली की व्हायोलिन. शेवटी गजाचे, म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायच्या काठीचे, केस सैल करायचे, ही तिची खूण: आजचा सराव संपला.

प्रवासात पाढे म्हणून घेण्याचा मोह होतो. मी तो सोडला. मूल खिडकीतून बाहेर बघत असतं तेव्हा त्याला तसंच राहू द्यावं. जाताना मन तयार होत असतं, येताना निवत असतं.

सहल आणि तिची दुसरी सकाळ

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते याबद्दल. सहल ही एका दिवसाची गोष्ट नाही. सहल लिहाल तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ लगेच कोरी सोडा, दोन्ही खण एकाच रंगाने रंगवा. कोरी सकाळ मिळत नसेल तर सहल पुढच्या आठवड्यात ढकला.

निघण्याआधी एकच प्रश्न ठरवायचा, तोही मुलाने. तिथे पोचल्यावर एकच दालन, फार तर दोन. एका संग्रहालयात आम्ही गेलो होतो. सांगाडे, नाणी, हत्यारं, वर आणखी एक मजला. लेक एका अमोनाइटसमोर थांबली. चक्राकार शंखासारखा दिसणारा तो जीवाश्म, काचेमागे, तळहाताएवढा. ती तिथे पस्तीस मिनिटं होती. एकदा वाकून, एकदा बाजूने, एकदा डोळा काचेला लावून. "वरचा मजला राहिलाय" हे वाक्य माझ्या ओठांवर तीनदा आलं आणि मी ते तीनदा गिळलं. निघताना मी फोटो काढला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या सकाळी अभ्यास नव्हता. तिने फोटो पडद्यावर मोठा केला, वर पातळ कागद धरला आणि वळणं पेन्सिलीने गिरवली. मग माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा मागितला. प्रत्येक फेरीवर दोरा बसवायचा, चिमटीत धरायचा, पट्टीवर ताणायचा. जीभ दातांत धरून चाललं होतं. आतली फेरी ४ सेंटीमीटर, पुढची ९, बाहेरची २०. बराच वेळ आकड्यांकडे बघून म्हणाली, "प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या दुपटीहून जरा मोठी आहे." गुणोत्तराच्या धड्यावर ती पंधरा दिवस अडून बसली होती. तो धडा मग वेगळा घ्यावा लागला नाही.

त्यानंतर आम्ही वाचायला बसलो. अमोनाइटच्या शंखात आत कप्पे असत आणि प्राणी राहायचा तो सर्वांत बाहेरच्या कप्प्यात. दिसायला नॉटिलससारखा (आजही समुद्रात असलेला, चक्राकार शंखात राहणारा प्राणी), पण नातं माकूळ आणि ऑक्टोपसशी अधिक जवळचं. जवळपास ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मोठे डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमाराला हेही संपले. तिने चित्रात गोगलगाईसारखी शिंगं काढली होती. ती खोडली आणि तिथे बाहूंचा झुपका काढला. खोडलेली शिंगं अजून कागदावर फिकट दिसतात. त्या सकाळी नऊ वाजता चित्रकलेचा क्लास असता तर आम्ही फक्त "संग्रहालय बघून आलो" असं म्हटलं असतं.

एक छंद घरातलाच असू द्या

ज्याला प्रवास लागत नाही, फी लागत नाही, ठरावीक वार लागत नाही, असा. आमच्याकडे चंद्राची वही आहे. रोज खिडकीतून किंवा गच्चीवरून बघायचं, आकार काढायचा, उगवताना दिसला तर वेळ लिहायची. पौर्णिमेनंतरच्या चौथ्या रात्री ती आठ वाजता बघायला गेली आणि चंद्रच नव्हता. दहापर्यंत जागायला तिला मी त्या एका दिवशी परवानगी दिली. मग तिने मागच्या नोंदी काढल्या: रोज उशीर होत चालला होता. सरासरी पन्नास मिनिटांचा हा उशीर आणि पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचे साडेएकोणतीस दिवस तिने वहीतून जवळपास स्वतःच काढले. बाहेरच्या क्लासांमुळे दमलेल्या आठवड्यातही ही वही चालू राहिली.

छंद सोडायचा असेल तर

आमचा बदलता खण दहा आठवड्यांचा असतो. मध्येच सोडायचं नाही, आणि दहा झाल्यावर चालू ठेवायचंच असंही नाही. निर्णय क्लासहून परतताना घ्यायचा नाही, कारण तेव्हा बोलतो तो थकवा. दोन दिवस जाऊ द्यायचे. बुद्धिबळ तिने दहाव्या आठवड्यानंतर सोडलं. मला हळहळ वाटली, तिला हुशारीने खेळताना मी पाहिलं होतं. पण आता रविवारी दुपारी पट मांडून "बाबा, या" अशी हाक तीच मारते.

नोंदी

शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं. ठरवलं काय होतं ते लिहू नका, झालं काय ते लिहा. दोऱ्याने मोजलेली फेरी गणितात, वाचलेलं विज्ञानात, गिरवलेलं चित्र तारखेसह फाइलमध्ये. तुमच्याकडचा कायदा मात्र सुरुवातीलाच वाचा, कारण फरक फार आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचंच आहे. न्यूयॉर्क राज्यात पहिली ते सहावीच्या मुलांसाठी वर्षाला ९०० तास आणि दर तिमाहीला अहवाल लागतो. असा हिशोब द्यायचा असेल तर वर्षाच्या शेवटी आठवून लिहिणं अशक्य होतं. दर शुक्रवारी लिहिलं तर जड जात नाही.

आजारपणाच्या आठवड्यात फक्त मोठ्याने वाचून दाखवणं ठेवा, बाकी सगळं सोडा.

पुढचा आठवडा आम्ही रविवारी रात्री मांडतो. पेन्सिलीने, आणि खोडरबर लेकीच्या हातात. दर आठवड्याला एक खण खोडायचा हक्क तिचा, आणि कारण विचारायचं नाही हा माझा शब्द. गेल्या चार महिन्यांत तिने तो पाच वेळा वापरला. दोनदा व्हायोलिन, दोनदा चित्रकला, आणि एकदा तारांगण, ज्याची मीच तीन आठवडे वाट बघत होते. तिकिटं शेजारच्यांच्या मुलांना दिली. त्या दुपारी ती बेडशीटचा तंबू करून आत वाचत पडली होती, आणि मी बाहेर बसून मोजे रफू केले.