दगडफुली ग्लेझच्या खपल्या

गोडा मसाल्यातलं दगडफूल असतं ना, तसं खरखरीत ग्लेझ (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) मला स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापावर भाजलेल्या घट्ट मातीच्या, कुंड्यांवर हवं होतं. मॅग्नेशियम कार्बोनेट भरपूर घातलं की थर वाळताना आक्रसतो, तडकतो आणि भट्टीत त्या तुकड्यांचे फुगीर ठिपके होतात. मधून माती दिसते, तीच तर मजा.

पहिल्या खेपेला हौसेनं तीन जाड हात मारले आणि ओलसर असतानाच कुंड्या भट्टीत रचल्या. उघडून बघते तर एक बाजू टकली, आणि खपल्या शेल्फला घट्ट चिकटलेल्या! छिन्नीनं काढता काढता नाकी नऊ आले.

दुसऱ्यांदा बिस्कवरची, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेल्या कुंड्यांवरची, धूळ ओल्या स्पंजनं पुसली. ग्लेझमध्ये थोडा भिजवलेला सीएमसी गम (सेल्युलोजपासून बनवलेला डिंक) घातला. पकड आली ती त्यानंच. दोनच हात, मग दोन दिवस वाळवण. बोटानं टोकून पाहिलं, तडे होते पण खपली हलत नव्हती. भट्टी सुरुवातीला अगदी सावकाश चढवली, मग भट्टीच्या तापाच्या मापानं कोन ६, म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअस. खाली जुन्या बिस्कची बशी ठेवली होती; तिच्यात दोनच कण पडले.

ताटल्यांना आतून मात्र हे लावू नका, खाचांत अन्न अडकतं.