खाडीच्या उगमाकडे : कोकण किनाऱ्यावरून डोंगरभटकंतीच्या जागा कशा शोधाव्यात

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला सह्याद्री सहसा दिसत नाही. मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, आडवी येतात, आणि वर्षातले बरेच महिने दमट हवेचा धूसरपणा पूर्वेचे क्षितिज पुसून टाकतो. त्यामुळे डोंगरात जायचे ठरले की गुहागर, मालवण किंवा अलिबागचा माणूस महाबळेश्वर-लोणावळ्याची हॉटेले पाहू लागतो आणि सुट्टीचा अर्धा वेळ गर्दीत व रांगेत घालवतो. वास्तविक किनाऱ्यापासून सह्याद्रीची मुख्य धार सरळ रेषेत बहुतेक ठिकाणी ४० ते ६० किलोमीटरच आहे, आणि तिचा सर्वांत भव्य चेहरा कोकणाकडेच आहे. देशाकडून, म्हणजे घाटावरून, येणारा माणूस गाडीने सहाशे-सातशे मीटर उंचीवर पोहोचतो आणि उरलेला थोडासा चढ चढतो. कोकणातले पायथ्याचे गाव मात्र पुष्कळदा शंभर-दोनशे मीटरवरच असते, म्हणून घाटमाथा गाठायला ५०० ते ९०० मीटरची खरी चढाई करावी लागते. ज्याला केवळ थंड हवा हवी त्याने हॉटेल जरूर गाठावे. ज्याला चालायचे आहे त्याने आपल्याच तालुक्याच्या पूर्वेकडे पाहावे.

आधी आपली खाडी वर कुठे जाते ते पाहा

कोकणात डोंगर शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे जवळची खाडी नकाशावर उगमापर्यंत मागे नेणे. कोकणातल्या मोठ्या खाड्यांना मिळणाऱ्या बहुतेक नद्या सह्याद्रीच्या धारेवरून उतरतात. नदीच्या मधल्या टप्प्यात तालुक्याचे किंवा बाजारपेठेचे गाव असते, वरच्या टप्प्यात डोंगरपायथ्याच्या वाड्या असतात आणि एसटीचे जाळेही बरेचसे त्याच खोऱ्याने वर सरकते. म्हणजे नदी कळली की डोंगर, मुक्कामाचे गाव आणि गाडी या तिन्ही गोष्टी एकदम हाती लागतात.

बाणकोटच्या खाडीतून सावित्री धरली की महाड आणि पोलादपूर येते. तिथून रायगड, मंगळगड आणि चंद्रगड हे गड आवाक्यात येतात. दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी आणि तिला मिळणारी जगबुडी येते. वाशिष्ठी चिपळूणमार्गे कुंभार्ली घाटाच्या रांगेकडे नेते, तर जगबुडी खेडच्या पूर्वेकडील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या त्रिकुटाकडे. जयगडची खाडी म्हणजे शास्त्री नदी; संगमेश्वरवरून ती शृंगारपूर आणि प्रचितगडाच्या दिशेने जाते आणि तिची उपनदी बाव मार्लेश्वरच्या धबधब्याकडे नेते. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतली काजळी साखरप्याकडून, म्हणजे आंबा घाटाच्या पायथ्याकडून येते. पूर्णगडची मुचकुंदी लांजा तालुक्यातल्या घाटमाथ्यालगतच्या माचाळ गावाच्या परिसरातून निघते. विजयदुर्गच्या वाघोटण खाडीमागे वैभववाडी आणि गगनबावड्याचे डोंगर आहेत. देवबागला समुद्राला मिळणारी कर्ली कुडाळवरून वर नेली, तर नारूर आणि शिवापूरच्या बाजूला रांगणा आणि मनोहर-मनसंतोषगड भेटतात. उत्तरेकडे रेवदंड्याची कुंडलिका रोह्यावरून भिऱ्याकडे जाते, आणि धरमतरची अंबा पालीकडे, जिथे सरसगड गावाला खेटून उभा आहे आणि सुधागड जवळच आहे.

या यादीतला आपला भाग निवडून तेवढ्याच खोऱ्याचा अभ्यास करावा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) सर्वांना पाठ असते, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला त्याचा शनिवार-रविवारी काहीच उपयोग नाही.

मग नकाशावरचा चढ वाचा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातला एक किलोमीटर, आणि लागोपाठच्या दोन समोच्चरेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटर उंचीचे अंतर असते. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे कडा आहे. रेषांची टोके उताराच्या दिशेने बाहेर आलेली असतील तर ती डोंगराची सोंड, आणि टोके चढाच्या दिशेने आत घुसलेली असतील तर तो ओढा किंवा नाळ, म्हणजे अरुंद उभी घळ. नवख्याने सोंडेवरची वाट निवडावी. नाळेची वाट सावलीची असली तरी तीत मोठमोठे धोंडे, सुटलेली दरड आणि अंगावर येणारा चढ असतो, आणि पावसात ती थेट पाण्याचा मार्ग होते.

नकाशावरून वेळेचा अंदाजही बांधता येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरला जातो : दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. चार किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल, तर या हिशेबाने पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. हा हिशेब थंड हवेच्या देशातला आहे. कोकणातल्या दमट हवेत, पाठीवर पाण्याचे ओझे घेऊन आणि वाट शोधत जाताना तो सरळ दीडपट ते दुप्पट धरावा, म्हणजे वरच्या उदाहरणात पावणेतीन ते साडेतीन तास. उतरताना हा सगळा वेळ वाचेल असेही समजू नये. दगडी, घसरड्या उतारावर सवय नसलेले गुडघे चढणीइतकाच वेळ घेऊ शकतात.

वाट चालू आहे का, हे गावातच विचारा

नकाशावर वाट आहे याचा अर्थ ती रानात आहे असा नव्हे. घाटवाटांवरून एके काळी कोकणातले मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात आणि देशावरचे धान्य व गूळ खाली येत असे. पक्के घाटरस्ते आणि एसटी आल्यावर ही ये-जा थांबली आणि अनेक वाटांवर कारवी आणि काटेरी जाळी माजली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड, पोलादपूर, खेड आणि चिपळूणच्या डोंगरांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. त्यानंतर काही उतारांचे रूपच पालटले. इंटरनेटवरचे वर्णन किंवा चित्रफीत पाहताना म्हणूनच दोन गोष्टी तपासाव्यात : ती केव्हाची आहे, आणि चालणारा कोकणाकडून चढला होता की देशाकडून उतरला होता. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि मग पायथ्यालाच पंचाईत होते.

खात्रीची माहिती पायथ्याच्या वाडीतच मिळते, पण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते. “वर वाट आहे का?” असे विचारले की पाहुण्याचे मन राखण्यासाठी “आहे की” असेच उत्तर येते. त्याऐवजी “यंदा पावसाळ्यानंतर कोण वर गेलं होतं?”, “टाक्यात पाणी आहे का, पिण्याजोगं आहे का?”, “वाट कुठे मोडली आहे?” असे नेमके प्रश्न विचारावेत. गुरे चारणारे, धनगरवाड्यातले लोक आणि मुक्कामी एसटीचे चालक-वाहक यांना ताजी खबर असते. गडावर किंवा डोंगरात देवस्थान असेल, तर यात्रेच्या आधी गावकरी वाट साफ करतात, म्हणून यात्रेनंतरचे आठवडे नवख्याला सोयीचे. मार्लेश्वरची यात्रा मकरसंक्रांतीला भरते. अशा दिवशी मात्र निवांतपणा शोधत तिथे जाऊ नये.

वाट मोडलेली असेल किंवा पहिलीच वेळ असेल, तर वाडीतला वाटाड्या सोबत घ्यावा आणि पैसे आधीच ठरवावेत. आपण येतो त्या दिवशी त्याची शेतावरची मजुरी बुडते, हे ध्यानात ठेवून घासाघीस टाळावी. मुक्काम मंदिरात किंवा शाळेत करायचा असल्यास सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आधी विचारावे, आणि जेवण एखाद्या घरी सांगून ठेवावे. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी मिळाली की डबा वाहून नेण्याची गरज उरत नाही.

परवानगी

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. वासोटा आणि प्रचितगड या क्षेत्रात येतात, म्हणून तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. दाजीपूरकडचे राधानगरी अभयारण्य आणि पनवेलजवळचे कर्नाळा इथेही वनखात्याचे नियम व शुल्क लागू आहे. निघण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

दिवस आणि वेळ निवडताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा घाटवाटांचा खरा हंगाम. ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवे आणि ओढे वाहते असतात, परंतु उकाडा जीव काढतो आणि गवत पुरुषभर वाढलेले असते. जानेवारीनंतर तेच गवत वाळून उतारावर पाय घसरवते, आणि फेब्रुवारी-मार्चपासून वणव्यांचा धोका सुरू होतो. एप्रिल-मे मध्ये चालायचेच असेल तर आंबोलीसारख्या सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या गावी राहून सकाळी महादेवगड किंवा नारायणगडाच्या बाजूला फिरावे. पायथ्यापासून चढाई करण्याचा तो काळ नव्हे. ऐन पावसाळ्यात घळी, नाळा आणि कड्याखालच्या वाटा पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी या वस्त्याच दरडीखाली गेल्या. पावसातला डोंगर किती अस्थिर असतो याचा याहून वेगळा पुरावा नको.

कोकणातून चढणाऱ्याला एक मोठी सोय आहे, जिचा फायदा फार थोडे जण घेतात. सह्याद्रीचा पश्चिम उतार सकाळी बराच वेळ स्वतःच्याच सावलीत असतो. उजाडताच चालायला लागले तर चढाचा मोठा भाग ऊन अंगावर न घेता संपतो. उलट दुपारी तोच उतार उन्हात भाजून निघतो. म्हणून आदल्या रात्री पायथ्याला पोहोचणे हा सगळ्या बेताचा कणा आहे. सकाळी किनाऱ्यावरून निघून दहा-अकराला चढायला सुरुवात करणे म्हणजे सर्वांत वाईट वेळ निवडणे.

सराव किनाऱ्यावरच होतो

सपाटीवर राहणाऱ्यांना चढाची सवय नसते, दमाची नव्हे तर पायांची. त्यासाठी आपल्या भागातली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढणीची वाट, उत्तम. पाठीवर पाच-सहा किलो ओझे घेऊन तीच पाखाडी वारंवार चढावी आणि विशेषतः सावकाश उतरावी, कारण मांड्या भरून येतात त्या उतरण्याने. अलिबागकरांना कनकेश्वरच्या दगडी पायऱ्या आणि नंतर सागरगड आहे. दापोली-खेडच्या लोकांना पालगड आहे, ज्याच्या पायथ्याच्या गावी १८९९ मध्ये साने गुरुजींचा जन्म झाला. त्यानंतर पहिला मोठा गड म्हणून रसाळगड निवडावा : वाट सोपी, माथा प्रशस्त, झोलाईचे मंदिर, पाण्याची टाकी आणि इतस्ततः पडलेल्या तोफा. शेजारच्या सुमारगडाचा शेवटचा टप्पा कातळाचा आहे. तिथे अनुभवी सोबतीशिवाय जाऊ नये.

जाण्या-येण्याचा बेत

कोकण रेल्वेचा मार्ग किनारा आणि सह्याद्री यांच्या मधून जातो, म्हणून माणगाव, वीर, खेड, चिपळूण, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, कुडाळ ही स्थानके डोंगराकडे वळण्याची नाकी ठरतात. तिथून पुढे एसटी. रात्री वाडीत मुक्कामाला राहणारी गाडी संध्याकाळी वर जाते आणि सकाळी परत निघते. आपल्याला जाण्यासाठी ती अचूक आहे, परतीसाठी मात्र निरुपयोगी, कारण ती सुटते तेव्हा आपण चढत असतो. परतीची दुपारची गाडी आगारात विचारून लिहून घ्यावी आणि ती रविवारी धावते का, हेही विचारावे. शाळेच्या मुलांसाठी सोडलेल्या फेऱ्या सुट्टीच्या दिवशी अनेकदा बंद असतात.

सोबत आणि सावधगिरी

माणशी तीन ते चार लिटर पाणी न्यावे. हिवाळ्यातही कोकणात घाम भरपूर येतो आणि त्याबरोबर मीठ जाते, म्हणून एका बाटलीत कोकम आगळ, साखर आणि मीठ घातलेले पाणी असावे. घोटा झाकणारे बूट, अंगभर कपडे, विजेरी आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा हवा, कारण घळीत नेटवर्क मिळत नाही. कड्याला आग्या मोहोळ लटकत असेल तर तिथे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

कोकणात फुरसे हा छोटा पण विषारी साप पुष्कळ आढळतो आणि तो दगडांच्या सांदीत, पालापाचोळ्यात बसतो. हात टेकण्यापूर्वी आणि बसण्यापूर्वी काठीने जागा पाहावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरीही बांधू नये. माणसाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता खाली आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणत्या गावी आहे हे निघण्यापूर्वीच माहीत असावे, आणि आपण कोणत्या वाडीतून चढणार, कोणत्या बाजूने उतरणार व किती वाजेपर्यंत फोन करणार हे घरी कागदावर लिहून ठेवावे.